बाजूच्या पॅनलमधली खिडकी

आमच्या फोरमनवर माझा पहिल्यापासून राग होता असं नाही. पहिले काही महिने तो मला नुसता आवडत नव्हता. राग धरला तो एका पॅनलवरून.

रियाधच्या सनाइयात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आमचं गॅरेज आहे. घरोघर जेवण पोचवणाऱ्या रायडरांच्या मोटरसायकली आम्ही सांभाळतो. गाड्या स्कूटरच्या जातीतल्या, सगळं अंग प्लास्टिकनं झाकलेलं. दिसायला गुळगुळीत आणि उघडायला महानालायक. इंजिन ज्यातून श्वास घेतं तो एअर फिल्टर डाव्या बाजूच्या पॅनलच्या आत असतो. तिथवर पोचायचं तर आधी जेवणाचा डबा बसतो ती मागची जाळी काढा, मग सीट, मग मागचं धरायचं कडं, मग पॅनलचे स्क्रू. एवढं करूनही पॅनल हातात येत नाही, कारण आतून ते प्लास्टिकच्याच छोट्या कानांनी सांगाड्यात अडकवलेलं असतं. कुठला कान कुठल्या दिशेनं सुटतो ते आतलं न दिसता ओळखायचं. आमच्या कोकणातल्या हवेत ते कान कदाचित वाकले असते. इथल्या उन्हात वर्षभर भाजलेलं प्लास्टिक पापडासारखं होतं. जरा ओढलं की मोडतं.

माझ्या हातून असाच एक कान मोडला. फोरमननं ते पॅनल माझ्याकडून घेतलं, गॅरेजच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि डोक्याच्या वर धरलं. तो कऱ्हाडकडचा, मी चिपळूणजवळच्या खाडीकाठचा. गॅरेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. एरवी तो माझ्याशी मराठीत बोलायचा. त्या दिवशी मुद्दाम हिंदी काढली.

“ये देखो, कोकण का कारीगर,” तो म्हणाला. “नारियल छीलता है, वैसा पॅनल छीला.”

सगळे हसले. मलबारी पेंटर हसला, पंजाबी वेल्डर हसला. हसण्याचं मला एवढं लागलं नाही. आपली भाषा बाजूला ठेवून त्यानं मला सगळ्यांच्या भाषेत उघडं पाडलं, ते लागलं.

कॅम्पातही, म्हणजे कामगारांना राहायला दिलेल्या जागेतही, सुटका नव्हती. कॅम्प सांभाळणाऱ्यानं भाषा बघून खोल्या वाटल्या होत्या. “दोनों महाराष्ट्र, सेम सेम,” असं म्हणून त्यानं मला फोरमनच्या खोलीची किल्ली दिली होती. फोरमननं गावाहून दगडी खलबत्ता आणला होता. तो पहाटे उठून त्यात ठेचा कुटायचा. मी दचकून उठून बसलो की म्हणायचा, “झोप की.” मी बांगडा तळला की तो खोलीचं दार सताड उघडायचा, बाहेर भट्टी पेटलेली असली तरी. मग एसीची सगळी गार हवा निघून जायची आणि आम्ही दोघं घाम पुसत एकमेकांकडे न बघता जेवायचो.

आता कामाचं सांगतो. रियाधची धूळ मैद्यासारखी बारीक. ती फिल्टरमध्ये बसते, आणि म्हणून प्रत्येक सर्व्हिसला फिल्टर काढून साफ करायचा असा आमच्याकडे नियम आहे. पण तो कोणीच काढत नव्हतं. कान मोडला की पॅनल वर धरलं जाणार हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मग मेकॅनिक काय करायचे, पॅनल आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत हवेच्या नळीचं तोंड घालायचे आणि दाबायचे. त्याला ‘फूंक मारना’ म्हणायचे. आतली धूळ इकडची तिकडे व्हायची, बस्स. फोरमनला हे ठाऊक होतं. मोडलेलं पॅनल डोळ्यांना दिसतं, त्याचा जाब वरून येतो. तुंबलेला फिल्टर कुणाला दिसत नाही. म्हणून तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

मी आधी दुसऱ्या एका गॅरेजात हौशी लोकांच्या शर्यतीच्या मोटरसायकलींवर काम केलं होतं. त्यांच्या पॅनलला साधे स्क्रू नसतात. रुंद खाचेचे, पाव फेरी दिली की सुटणारे आणि उलटी पाव फेरी दिली की बसणारे असतात. ते मला आठवत होतं. एका सकाळी चहाच्या वेळी मी फोरमनकडे गेलो.

“फोरमन, डाव्या पॅनलला फिल्टरच्या समोर एक खिडकी करू,” मी म्हटलं. “पॅनल जागेवरच राहील. खिडकीचं झाकण उघडायचं, फिल्टर काढायचा, साफ करून लावायचा. जाळीला हात नको, सीटला नको.”

“म्हंजे पॅनल कापायचं.”

“थोडंसंच. फिल्टर बाहेर येईल एवढं.”

“कारखान्यानं बनवल्यालं तू कापणार.”

“कारखान्यानं इथल्या धुळीचा विचार करून बनवलेलं नाही ते.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. “उघडायला सोपं ते चोरायलाबी सोपं. रायडर सिग्नलला उभा ऱ्हाईल आन् आत बोटं घालत बसंल. एकाचा फिल्टर दुसऱ्याच्या गाडीत जाईल. मग मुदीरफुडं कोण हुबा ऱ्हाणार, तू का मी?”

मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. मी म्हटलं, “मी राहीन.”

“तुला कान न मोडता पॅनल काढता येत न्हाय म्हणून गाडी कापायची व्हय?” असं म्हणून तो उठून गेला.

चोरीचं तो म्हणाला त्यात तथ्य होतं. ते मला तेव्हाही कळलं होतं. पण शेवटचं वाक्य असं काही डोक्यात बसलं की तथ्याचा विचार करायला जागाच उरली नाही. खिडकी करायची, त्याला न विचारता करायची, हे मी तिथंच ठरवलं.

आमच्याकडे बिहारमधल्या सिवानचा एक रायडर यायचा. हडकुळा, कमी बोलणारा. शहराच्या टोकाला एका कच्च्या रस्त्यावर त्याची राहायची जागा होती, त्यामुळे त्याची गाडी बाकीच्यांपेक्षा जास्त धूळ खायची. दर थोड्या दिवसांनी तो यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, “गाड़ी में दम नहीं है.” कोणीतरी फूंक मारून त्याला परत पाठवायचं. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी दुपारनंतर गाडी कॅम्पावर घेऊन ये.

बथाच्या बाजारात एका हार्डवेअरवाल्याकडे मला ते पाव फेरीचे स्क्रू मिळाले. नमाज पढून, जेवून मी कॅम्पाच्या मागच्या शेडमध्ये गाडी घेतली. पॅनलवर चिकटपट्टी लावून रेघा मारल्या, कोपऱ्यांना भोकं पाडली आणि करवतीच्या पात्यानं हळूहळू कापत गेलो. कापून निघालेला तुकडाच झाकण म्हणून वापरला, म्हणजे रंग आणि वळण जुळून येतं. आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या रिबिट करून त्यावर स्क्रू बसवले. माझ्या हाताला त्या दिवशी यश होतं. कड सरळ आली, कुठं तडा गेला नाही.

“अब खोलो,” मी रायडरला म्हटलं.

त्यानं खिशातून नाणं काढलं, खाचेत घातलं, पाव फेरी दिली. एकेक करून सगळे स्क्रू सुटले आणि झाकण हातात आलं. आत फिल्टरची पेटी समोर दिसत होती.

“बस?” तो म्हणाला.

“बस.”

त्यानं ते परत लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

चार दिवसांत त्याच्या ओळखीचे रायडर गॅरेजात येऊन मला विचारायला लागले, “हमको भी खिड़की चाहिए.” हे फोरमनसमोरच चाललं होतं. मग सिवानवाला काही कामासाठी आला असताना मुदीरची नजर गाडीवर पडली. मुदीर मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, अंगानं जाड, बोलायला थोडका. त्यानं स्वतः वाकून झाकण उघडलं, लावलं.

“ज़ैन,” तो म्हणाला. चांगलं आहे. मग फोरमनकडे वळून त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, “तुम क्या बोलता?”

“गाडी आपकी है, मुदीर,” फोरमन म्हणाला. “आप मालिक.”

“और पाँच-छह में लगाओ,” मुदीर मला म्हणाला. “देखेंगे.”

त्या संध्याकाळी खोलीत आल्यावर फोरमन मला म्हणाला, “मिस्त्री, तुमचा टॉवेल माझ्या खुर्चीवरनं उचला.” तोवर तो मला अरे-तुरे करायचा. त्या दिवसापासून अहो-जाहो सुरू झालं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसानं धाकट्याला असा मान द्यायला सुरुवात केली की समजावं, नातं तोडलं. मी टॉवेल उचलला. मला आनंद झाला होता, आणि तो खिडकी चालली म्हणून कमी, त्याचं तोंड पडलं म्हणून जास्त होता. फोनवर बायकोला मी सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “तुम्ही पोरांचं विचारलं नाहीत आज. त्या माणसाचंच चाललंय मघापासून.”

मी पाच गाड्यांना खिडक्या केल्या. मग धुळीचे दिवस आले. सकाळी आकाश पिवळं व्हायचं आणि दुपारी समोरचं गोदाम दिसेनासं व्हायचं. गॅरेजचं शटर अर्धं ओढून आम्ही तोंडाला फडकी बांधून काम करायचो. त्याच सुमारास माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवा करायचा होता. त्याच्या वैद्यकीय तपासणीसाठी मला एक दिवस जावं लागलं. त्या दिवशी सिवानवाल्याची गाडी सर्व्हिसला आली आणि ती फोरमननं स्वतः केली. हे मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात ती गाडी टो-ट्रकवर आली. मागचं चाक वाकडं, जाळी चेपलेली. रिंग रोडच्या पुलावर चढताना गाडीचा दम गेला होता. रायडर ती कडेला घ्यायला बघत होता तेवढ्यात मागून पिकअपनं ठोकलं. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि पायाची कातडी सोलपटली होती. जिवावरचं निभावलं होतं.

मी गाडी खाली उतरवून घेतली आणि झाकण उघडलं. फिल्टर करड्या धुळीनं गच्च भरला होता, चाळणीत पीठ थापावं तसा. धुळीच्या दिवसांतही एका आठवड्यात एवढा भरायला नको होता. मग मी झाकण उलटं करून बघितलं. झाकणाच्या चारही कडांना आतून धुळीचा जाड काठ बसला होता. करवतीच्या पात्यानं खाल्लेलं प्लास्टिक, तेवढी फट चारही बाजूंनी राहिली होती. उजेडात धरल्याशिवाय दिसणार नाही एवढी बारीक. पण फिल्टरच्या पेटीचं हवा ओढायचं तोंड बरोबर तिच्यामागं होतं. इंजिन त्या फटीतून धूळ ओढत बसलं होतं. आधीचं अखंड पॅनल निदान तेवढा आडोसा करत होतं.

मी काही बोलायच्या आत मुदीरनं दोघांना आत बोलावलं. टेबलावर मी ते झाकण ठेवलं.

“आखिरी सर्विस कौन किया?” मुदीरनं विचारलं.

“मैंने,” फोरमन म्हणाला.

“फिल्टर देखा?”

“देखा. ढक्कन खोला, अंदर धूल थी. फिल्टर झटक के वापस लगाया.” तो हिशेब सांगावा तसं सांगत होता. “धूल कटे हुए से अंदर जा रही थी. वो भी देखा.”

मुदीर थांबला. “देखा, तो बोला क्यों नहीं?”

“खिड़की मेरी नहीं है. मुझसे पूछ के नहीं काटी. जिसकी है वो देखे.”

त्याला खोटं बोलता आलं असतं. फट दिसलीच नाही म्हणाला असता तर कोण काय करणार होतं? पण माझी खिडकी चुकीची होती हे मुदीरसमोर यावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यात स्वतः किती बुडतोय याची त्याला फिकीर नव्हती. मी मराठीत म्हणालो, “तुम्ही फट बघितली आणि गाडी सोडली.”

“तुम्ही फट ठेवली आन् गाडी सोडली, मिस्त्री,” तो म्हणाला.

“मला दिसली नव्हती.”

“मला दिसली हुती. मग कारीगर कोण?”

मुदीरनं टेबलावर हात आपटला. “हिंदी. नहीं तो अरबी.” मग त्यानं झाकण उचलून उजेडाकडे धरलं, फिरवून बघितलं आणि आमच्यापुढं टाकलं. तो चिडला होता, पण आमच्यातलं कोण खरं आणि कोण खोटं यात त्याला रस नव्हता. त्याला गाड्या रस्त्यावर हव्या होत्या. “ढक्कन अच्छा है. गैप खराब है,” तो म्हणाला. “तुम दोनों गैप बंद करो. सब गाड़ी में. खलास.”

बाहेर टायरांच्या रॅकपाशी आल्यावर मी ते झाकण फोरमनच्या पायावर फेकलं. ते फरशीवर आपटून दुभंगलं. मी त्याच्या अंगावर जाणार होतो. त्यानंही जोडे घट्ट रोवले होते, हे मी बघितलं. पंजाबी वेल्डर मधे आला आणि माझ्या छातीवर हात ठेवून उभा राहिला. फोरमननं खाली वाकून झाकणाचे दोन्ही तुकडे उचलले. मला वाटलं आता परत वर धरणार. पण तो त्या मोडक्या कडा एकमेकींना लावून बघत होता.

“कापल्याला तुकडा झाकण म्हणून चालणारच न्हाय,” तो म्हणाला, माझ्याशी नव्हे, त्या तुकड्यांशी. “झाकण भोकापेक्षा मोठं पायजे. वरनं चढून बसाय पायजे. आन् आतनं रबर.”

ते खरं होतं. मला ते आधी सुचायला हवं होतं, हे कळत होतं, म्हणून त्याचा आणखीच तिटकारा आला.

त्या रविवारी कामानंतर मी रायडरच्या खोलीवर गेलो. सोबत थोडी फळं नेली होती. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला. मी बसल्यावर त्यानं फळांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“वो भी आया था, कल,” तो म्हणाला. “तुम्हारा फोरमन.”

मला ते अपेक्षित नव्हतं. “क्या बोला?”

“बोला कि तुमने गलत काटा. अब तुम बोलोगे कि उसने देख के छोड़ दिया.”

मी तेच बोलायला गेलो होतो.

“मैं खिड़की से खुश था,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “तुम दोनों को लड़ना था तो आपस में लड़ते. मेरी गाड़ी पर क्यों लड़े?”

मी म्हटलं, गाडी नीट करून देतो, मी स्वतः बसतो. तो म्हणाला, “न तुम छुओगे, न वो.” मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याच्या खोलीतला एक माणूस मला दारापर्यंत सोडायला आला आणि फळांची पिशवी त्यानं माझ्या हातात परत दिली. मी ती बसस्टॉपच्या बाकावर ठेवली आणि चालत राहिलो. उन्हं उतरली होती तरी रस्ता तापलेला होता. बराच वेळ माझा राग कोणावर आहे हेच मला कळेना. फोरमनवर होताच. पण त्या पोरावरही होता, त्यानं मला फोरमनच्या पंगतीला बसवलं म्हणून. एक चप्पल तुटली तेव्हा मी टॅक्सी केली.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी एका टेबलावर काम केलं. कान मोडलेली जुनी पॅनल्स गोदामात ढिगानं पडली होती. त्यांतून भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठी झाकणं तो कापायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर. मी पॅनलला भोक पाडायचो, कड घासायचो, स्क्रू बसवायचो. गाड्यांच्या दाराला असते तसली रबराची पट्टी त्यानं कुठूनशी आणली आणि झाकणाच्या आतून चिकटवली. बोलणं कामापुरतं. “पट्टी.” “घ्या.” “उलटी आहे.” “दिसतंय.” एखाद्याला दुसऱ्याची चूक दिसली की तो ती सांगायचा, आणि अशा आवाजात सांगायचा की ऐकणाऱ्याला पाना फेकून मारावासा वाटावा.

चोरीवरून पुन्हा जुंपली. त्याला एकही स्क्रू नाण्यानं उघडणारा नको होता. मी म्हटलं, मग खिडकीचा उपयोग काय, पुन्हा सगळं गॅरेजवरच आलं. रायडरला धुळीत अडकल्यावर स्वतः बघता आलं पाहिजे. तो म्हणाला, रायडरनं बघायचं नसतं, गाडी चालवायची असते. दोन दिवस आम्ही काम थांबवून बसलो. शेवटी मुदीरनं विचारलं, का थांबलंय, आणि दोघांचं ऐकून म्हणाला, तीन नाण्याचे, एक चावीचा. दोघांनाही ते पटलं नाही, आणि तसंच झालं. आता रायडर झाकण सैल करून फटीतून आत डोकावू शकतो, पण फिल्टर बाहेर काढू शकत नाही. हा उपाय निम्मा आहे असं मला आजही वाटतं.

पहिलं झाकण बसल्यावर फोरमननं खडूची भुकटी करून ती हवेच्या नळीनं कडेवर सगळीकडून मारली. मग झाकण उघडलं. आतलं रबर काळंच्या काळं होतं, पांढरा कण आत गेला नव्हता. शेजारी बघायला आलेला मलबारी पेंटर म्हणाला, “अच्छा बना.” फोरमननं दुसरं पॅनल पुढं ओढलं.

खिडक्या सगळ्या गाड्यांना लागल्या आणि फिल्टर खरोखर साफ व्हायला लागले. फूंक मारणं बंद झालं. कान मोडणंही जवळपास थांबलं, कारण पॅनल काढायची वेळच क्वचित येते. दम गेला म्हणून येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. मुदीर खूश आहे. सिवानवाला बरा झाला आणि दुसऱ्या एजन्सीकडे गेला. त्यांच्या गाड्या दुसरं गॅरेज बघतं. मी त्याला दोन-तीनदा फोन केला. एकदाही उचलला नाही. एकदा एका सिग्नलला तो मला दिसला, नव्या गाडीवर. मी बसमध्ये होतो. त्यानं मला बघितलं की नाही, सांगता येत नाही.

अलीकडे आमच्याकडे नव्या मॉडेलच्या गाड्या आल्यात. पॅनलचा आकार वेगळा, फिल्टरची जागा वेगळी. यांनाही खिडकी करा म्हणून मुदीरनं सांगितलं. परवा फोरमन एका गाडीशी मार्कर घेऊन बसला होता. पॅनल न काढता, अंदाजानं, त्यानं भोकाची चौकट आखली. मी पलीकडच्या गाडीच्या चाकाचं काम करत होतो. त्याच मॉडेलची एक गाडी मी आदल्या दिवशी पूर्ण उघडली होती, त्यामुळे मला माहीत होतं की त्यानं आखलेल्या खालच्या रेघेच्या बरोबर मागून वायरांचा मोठा जुडगा जातो. ब्लेड आत गेलं की वायरी सोलणार. लगेच बंद पडली नसती गाडी. महिन्या-दोन महिन्यांनी, एखाद्या धुलाईत किंवा खड्ड्यात पडली असती.

त्यानं करवत उचलली. मी चाकाचा नट फिरवत राहिलो. कापू दे, मला वाटलं. मला कुठं विचारलंय? कापू दे, आणि मुदीरसमोर मी सगळं सांगेन, एकेक शब्द. ते वाटणं गोड होतं, नाही म्हणत नाही. मी नट घट्ट केला आणि दुसऱ्यावर पाना लावला. त्यानं ब्लेड रेघेवर टेकवलं.

“खालच्या रेघेमागं वायरी आहेत,” मी म्हटलं.

त्यानं मान वर केली नाही. मग करवत बाजूला ठेवली, फडक्यानं रेघ पुसली आणि चार बोटं वर दुसरी आखली.

“आणखी वर,” मी म्हटलं.

“कळतंय मला,” तो म्हणाला, आणि आणखी वर आखली.